लवकर येणाऱ्या भाज्या

२१ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र महिनाभर माझ्या उशाशी पडून आहे. कामात होते असं लिहिलं असतं तर तुला पटलंही असतं, पण ते खरं नाही. दुकानात सध्या गर्दी नाही. लोक चष्मे बदलतात ते मुलांच्या परीक्षा आल्या की, नाहीतर कुणी त्यावर बसलं की. खरं कारण असं, की बाबा गेल्यावर त्या फोनवर आपण एकमेकांना जे बोललो, त्यानंतर तुझं इतकं मायेचं पत्र येईल असं मला वाटलं नव्हतं. दोनदा उत्तर लिहायला बसले. पहिलं फार गोड झालं, दुसरं फार शहाणं. दोन्ही फाडली.

यापुढे फोन नको, पत्रच लिहू, हे तुझं म्हणणं मला पटलं. फोनवर तू घाईत असतोस आणि माझा आवाज लगेच भरून येतो.

आता बागेचं. ‘ताई, मागची जागा अशी ओसाड काय ठेवलीस? साफ कर, वाफे घाल, भाजी लाव. आईच्या वेळी होतं तसं होऊ दे.’ ही ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही, तू हसशील. आईच्या वेळची बाग तुला आठवत असेल असं वाटलं नव्हतं, तू इतका लहान होतास. मला अंधूक दिसते. पालक होता ना? की वाटाणे? भिंतीवर काहीतरी चढलेलं होतं, एवढं नक्की.

रविवारी मागचं दार उघडलं. ते उघडायलाच खांदा लावावा लागला. बाबांचा लोखंडी बाथटब बरोब्बर मधोमध, त्यात पावसाचं पाणी आणि कुणाचा तरी मोजा. गाडीचे चार टायर. तुझी बिनसीटची सायकल. फुटक्या कौलांचा ढीग. तण कमरेएवढं. काही हलवायच्या आधी मी आहे तसा फोटो काढला, तो दुकानातल्या प्रिंटरवर छापून सोबत पाठवते आहे. नंतर कुणी म्हणायला नको की हिने एवढं काय केलं.

टब हलवायला भिंतीपलीकडचे पंच आले. तुला आठवतात ना, फुटबॉलचे? निवृत्त झाले, शिट्टी मात्र अजून गळ्यात आहे. टब उचलताना ती वाजवली. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “खेळ सुरू.” टब, टायर, सायकल, सगळं घराच्या बाजूच्या बोळात नेऊन ठेवलं आहे.

एक विचारू? बाबांनी घर तुझ्या नावावर केलं त्याचं मला वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते बरंचसं खरं आहे. थोडं वाटलं होतं. पण तू त्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणालास, ‘ताई, तुला हवं तोवर हे घर तुझं.’ त्यावर मी ते थोडंही सोडून दिलं. आता बाग लावायची तर तेच एकदा पुन्हा ऐकायला आवडेल. माती खणायची म्हणजे मुक्काम ठोकण्यासारखं आहे.

तुझी,
ताई

उद्या: फावड्याला नवा दांडा बसवून घेणे. (रोज डायरीच्या शेवटी असं एक काम लिहायची सवय आहे, ती पत्रातही आली. राहू दे.)


२ मार्च

प्रिय ताईसाहेब, बागायतदार,

पत्र वाचून इतकं बरं वाटलं! तू म्हणजे ना, माफी मागायलाही दोन पानं घेतेस. फोटो बघून मात्र धक्का बसला. अगं, तिथे टब होता हे मी विसरलोच होतो. तो आणि ते टायर कायमचे जाऊ देत. माझी सायकल भंगारात दिलीस तर याद राख.

आता नीट ऐक. मी इथे दोन-चार जाणकारांना विचारलं. पहिल्या वर्षी लवकर येणाऱ्या भाज्या लाव. मुळा, पालक, लेट्यूस, वाटाणा. आपल्या थंड गावात उन्हाळ्यातही येतील. मे महिन्यात सगळं हिरवंगार दिसलं पाहिजे. मागच्या दारातून सरळ शेवटपर्यंत एक विटांची पायवाट कर, म्हणजे दार उघडलं की नजर आतवर जाते. आणि त्या दाराला रंग दे की. निळा दे, हिरव्यावर उठून दिसेल. फोटो पाठवत राहा, पण दुपारचे नको, दुपारी सगळं पांढरं पडतं. सकाळच्या उजेडात काढ.

मुलं मजेत. ऑफिसात रगाडा आहे. पाठीची काळजी घे. जड काही एकटीने उचलू नकोस, पंचांना हाक मार.

तुझा,
धाकटा


१० मार्च

प्रिय धाकट्या,

हात इतके दुखताहेत की अक्षर वाकडं येतं आहे. वाफे झाले. माती वर राखाडी आहे, पण फावडं खोल गेलं की काळी लागते आणि तिला एक थंड वास येतो. गांडुळं निघाली, बरीच. पहिल्याला मी किंचाळून दाद दिली, नंतरची हलक्या हाताने बाजूला ठेवायला लागले. वाटाणे रात्रभर भिजत घातले होते, ते काल पेरले. मुळा आणि पालक त्यांच्या पुढच्या ओळीत. पायवाटेला विटा कमी पडल्या तेव्हा पंचांनी त्यांच्याकडच्या दिल्या, आणि ओळ सरळ आहे की नाही हे बघायला पोटावर आडवे झाले. म्हणाले, “ऑफसाइड आहे, डावीकडे घ्या.” मी घेतली.

तुझ्या पत्रात मी विचारलं त्याचं उत्तर नव्हतं. आधी जरा टोचलं. मग स्वतःलाच बोलले, की सगळ्याची ग्वाही का लागते तुला? जिला जायचं आहे तिला कुणी दार रंगवायला सांगत नाही. तू निळा म्हणालास, त्यातच उत्तर आलं.

नर्सरीवालीकडे एक गोष्ट पाहिली आणि मन तिथेच अडकलं. अस्पॅरॅगसची मुळं, ती कोवळ्या कोंबांची विलायती भाजी. कोळ्यासारखी दिसतात, लांब पायांची. ती म्हणाली, आत्ता लावायची, तीन वर्षं एकही कोंब तोडायचा नाही, नुसतं वाढू द्यायचं. मग मात्र दर वसंतात येत राहतात, वीसेक वर्षं. मी हिशोब केला, तोवर मी म्हातारी झालेली असेन आणि कोंब दातांना चालतील इतके कोवळे असतात. मागच्या भिंतीलगत जागा आहे. लावू का?

बाजारात रांगेत उभं राहून घ्यायची वस्तू सोडून, जिची वाट घरात बसून बघायची अशी एकही वस्तू माझ्याकडे गेल्या कित्येक वर्षांत नव्हती. हे लिहिताना जरा लाज वाटते आहे. तरी लिहिते.

ताई

उद्या: निळा रंग आणणे.


१८ मार्च

प्रिय ताई,

अस्पॅरॅगस नको. तीन वर्षं कोणी पाहिली आहेत? तू ना, नेहमी लांबचं बघतेस, म्हणून जवळचं राहून जातं. यंदा लवकर येणारं लाव म्हटलं ना. मागच्या भिंतीलगत तर काहीच नको, तिथे मोकळं ठेवलं की जागा मोठी वाटते. भोपळ्याचा मांडव नको, त्याने अंधार होतो. गुलाबबिलाब नको, काटे कोण काढत बसणार.

रागावू नकोस. सल्ला देतो कारण तुला त्रास होऊ नये असं वाटतं. रंग दिला का? फोटो?

धाकटा


२९ मार्च

प्रिय धाकट्या,

वाटाणे वर आले! मुळ्याने तर आधीच दोन-दोन पानं काढून ठेवली आहेत, अगदी हात वर केलेल्या विद्यार्थ्यांसारखी. गोगलगाई येतात. पंच रोज सकाळी भिंतीवरून डोकावतात आणि त्यांना पिवळं कार्ड दाखवतात. खरंच कार्ड आहे त्यांच्या खिशात. एका लेट्यूसखाऊ गोगलगाईला लाल दाखवून त्यांनी ती रस्त्यापलीकडच्या मैदानात नेऊन सोडली.

दार निळं झालं. माझ्या कोपरालाही निळं लागलं आहे, जात नाही. दुकानात एका आजोबांची नजर तपासत होते, “हे स्पष्ट की ते?” तर म्हणाले, “बाई, तुमचं कोपर सगळ्यात स्पष्ट.”

तू जसं सांगितलंस तसंच सगळं केलं आहे. पायवाट, मोकळी जागा, सगळं. सकाळचे फोटो सोबत.

ताई

उद्या: वाटाण्याला काटक्यांचा आधार देणे.


५ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुम्हाला माझं पत्र बघून नवल वाटेल. माझं काही लिहायचं काम नाही, ह्यांनाही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तुमच्या बागेचे फोटो ह्यांनी दाखवले. फार सुंदर आहेत. म्हणूनच लिहिते, की यंदा त्या बागेत फार जीव गुंतवू नका. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आमच्याकडची ती कोपऱ्यातली खोली, जिथे इस्त्रीचं टेबल होतं, ती रिकामी करून रंगवून घेतली आहे. पूर्वेची खिडकी आहे. मुलं आत्याची वाट बघतात. बाल्कनीत चार कुंड्या आरामात मावतील.

तब्येतीला जपा.

तुमची,
भावजय


९ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. तू पत्र लिहिलंस याचं खरोखर नवल वाटलं, आणि आनंदही. मात्र मजकूर दोनदा वाचूनही मला नीट कळला नाही. जीव गुंतवू नका म्हणजे काय करू? वाटाण्याला रोज सकाळी हाताने काटकीकडे वळवावं लागतं, ते जीव न गुंतवता कसं करायचं ते मला येत नाही.

कदाचित तुला माझ्या पाठीची काळजी असेल. की धाकटा मला इतक्या वेळा पत्रं लिहितो, त्याचं घराकडे लक्ष राहत नाही, असं काही आहे? तसं असेल तर मोकळेपणी सांग. आम्हा दोघांत बऱ्याच वर्षांनी काहीतरी धड चाललं आहे, ते कुणाच्या डोळ्यावर यावं असं मला वाटत नाही. (हे वाक्य खोडावं असं वाटतं आहे. पण मनात आलं ते खरं आहे, म्हणून राहू देते.)

खोली छान झाली असणार. पाहुण्यांची सोय झाली. सुट्टीत येईन तेव्हा मुलांसाठी मुळे आणीन.

तुझी,
वन्सं


२४ एप्रिल

प्रिय धाकट्या,

बागेचा सगळ्यात चांगला फोटो पाठवते आहे. आज सकाळी दुकानात जायच्या आधी काढला. वाटाणा फुलला आहे, पांढरी फुलं. पालक इतका दाट की खालची माती दिसत नाही. पायवाटेच्या टोकाशी निळं दार अर्धं उघडं. खालच्या कोपऱ्यात माझ्या चपला आल्या आहेत, ते लक्षात आलं नाही. अनवाणी उभी होते ना. दुसरा काढणार होते, पण ढग आले आणि तसा उजेड पुन्हा पडला नाही. चपलांसकट घे.

काल दुकानातून परतताना मला घरी जायची घाई झाली होती. कुणी वाट बघत असावं तशी. रस्त्यात थांबून मी स्वतःला विचारलं, कोण आहे गं घरी? मग आठवलं, पालक.

हे तुझ्यामुळे झालं. एवढंच सांगायचं होतं.

ताई

उद्या: मुळे काढणे, पहिली जुडी पंचांना.


१ मे

ताई,

फोटो अप्रतिम! याहून चांगला निघालाच नसता. इथे ज्याला दाखवला तो खूश.

एक काम. दहा तारखेच्या शनिवारी माझ्या ओळखीचं एक जोडपं तुझ्या बाजूला येणार आहे. त्यांना बागेची फार आवड. घर आणि बाग दाखव, चहा पाज. फार बोलायची गरज नाही, बघतील आणि जातील.

घाईत आहे, नंतर सविस्तर लिहितो.

धाकटा


११ मे

धाकट्या,

तुझे ओळखीचे काल येऊन गेले. तुला कळलं असेलच. पण मला जे दिसलं ते तुला त्यांनी सांगितलं नसणार, म्हणून लिहिते. रात्री लिहिणार होते, मुद्दाम टाळलं. आता सकाळ आहे. जसं झालं तसंच लिहायचा प्रयत्न करते.

दार उघडलं तर एक तरतरीत बाई आणि तिचा नवरा. नवऱ्याच्या हातात मोजपट्टी. मला वाटलं, सुतार असेल. बाई म्हणाली, “मागून बघू या का आधी? फोटोत फार छान दिसतं.” मी खुळी, खूश झाले. म्हटलं, धाकट्याने सगळ्यांना फोटो दाखवला आहे.

बागेत ती अगदी रमली. शेंगा हातात घेऊन बघत होती. मी तिला वाटाणा कसा वळवायचा ते दाखवलं. नवरा भिंतीपासून दारापर्यंत माप घेत होता. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, “इथे एक खोली वाढवता येईल का बघतोय.” मला वाटलं, त्याच्या स्वतःच्या घरी करायची असेल, अंदाज घेत असेल. बघ, माणूस किती लांबून अर्थ आणतो.

भिंतीशी बाई थांबली. “हे काय आहे? बडीशेपेसारखं?”

ते अस्पॅरॅगस होतं. तुझं न ऐकता मी मार्चमध्येच चार मुळं तिथे लावली होती आणि तुला ‘तू सांगितलंस तसंच केलं’ असं लिहिलं होतं. माझ्याकडूनही एक लपवणं झालं, ते इथे नोंदवते.

मी म्हटलं, “अस्पॅरॅगस. तीन वर्षं तोडायचं नाही.”

“अय्या,” ती नवऱ्याकडे वळली, “म्हणजे आपल्यालाच मिळणार की!”

तरीही मला कळलं नव्हतं. कळून घ्यायचं नव्हतं असं आता वाटतं. मी विचारलं, “तुम्हाला कसं?” तर तिने फोन पुढे केला. म्हणाली, “हीच ना जाहिरात?” माझा फोटो होता. निळं दार, पांढरी फुलं, आणि खालच्या कोपऱ्यात माझ्या चपला. फोटोखाली लिहिलं होतं, ‘शांत वस्ती. तयार भाजीबाग. घर जुलैपासून रिकामं मिळेल.’

मी चपलांकडे बघत राहिले. त्याच पायात होत्या.

पुढचं ऐक. ती बाई फार भली आहे, तिच्यावर माझा राग नाही. माझा चेहरा बघून ती हळूच म्हणाली, “तुमची दुसरीकडे सोय झाली ना हो? मालक म्हणाले, घर सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, बागेचं सगळं त्याच बघतात. मी यांना म्हटलं, त्यांना विचारू, आठवड्यातून एकदा येतील का बागेसाठी.”

भिंतीवरून पंच म्हणाले, “सांभाळणाऱ्या बाई? अहो, त्या मालकांच्या सख्ख्या...” मी हात वर केला आणि ते थांबले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याचा इशारा ऐकला असेल.

का थांबवलं मी त्यांना? रात्रभर हेच विचारत होते. तुझी अब्रू जाऊ नये म्हणून, असं एक उत्तर आलं. ते फार शोभून दिसतं, म्हणून मला त्याचा संशय आहे. मला वाटतं मला लाज वाटली. ज्याने फसवलं त्याला वाटायची ती मलाच वाटली. मी आत गेले आणि चहा केला. कपबशा ट्रेमध्ये घेऊन आले आणि त्यांनी बसा म्हणेपर्यंत उभी राहिले. सांभाळणारी बाई उभी राहील तशी.

आता तुझी सगळी पत्रं समोर ठेवून परत वाचली आहेत. लवकर येणारं लाव. मे महिन्यात हिरवं दिसलं पाहिजे. सकाळच्या उजेडात काढ. दार निळं, उठून दिसेल. तीन वर्षं कोणी पाहिली आहेत! सगळं सरळ लिहिलं होतंस, मीच प्रत्येक ओळीवर माया चढवून वाचली.

घर तुझं आहे. विकायचं तर तोंडावर सांगायचं होतंस. मी रडले असते, भांडले असते, एखादं भांडं आपटलं असतं, आणि मग गेले असते. तू मला जाऊ दिलं नाहीस, कामाला लावलंस. माझ्याच हातांनी सजवून घेतलंस.

वहिनीला सांग, तिचं पत्र मला आत्ता कळलं. नाही, नको सांगूस. मीच लिहीन.

ताई

उद्याचं काही सुचत नाही.


१६ मे

प्रिय ताई,

तू फोन का उचलत नाहीस? वीस वेळा लावला.

चूक झाली, मान्य. सांगायला हवं होतं. पण तूच विचार कर, सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? बाबांच्या खोलीतलं कपाट हलवायचं म्हटलं तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस. मला वाटलं, आधी सगळं जमवू, मग तुला इकडे आणू, खोली दाखवू, म्हणजे तुलाच पटेल. तू तिथे एकटी, पडलीस-झडलीस तर कोण आहे? तो शिट्टीवाला? माझा जीव तुझ्यासाठी तुटतो म्हणून हे केलं, विश्वास ठेव. आणि बागेमुळे तुझं मन तरी रमलं ना? ते काय खोटं होतं?

‘सांभाळणाऱ्या बाई’ हे मी वाईट हेतूने म्हणालो नाही. बहीण राहते म्हटलं की लोक कचरतात. घर वेळेवर रिकामं होईल का, मध्ये भानगड निघेल का, अशा शंका येतात. जरा जड जातं सगळं. एवढाच अर्थ.

त्यांना घर पसंत आहे. पंचवीस तारखेच्या रविवारी ते आर्किटेक्टला घेऊन येतील आणि शब्द पक्का करतील. ती बाई बागेसाठीच अडून बसली आहे. तोवर फक्त पाणी घालत राहा, ताई. एवढं माझ्यासाठी कर. नंतर तू म्हणशील ते.

तुझाच,
धाकटा


२३ मे

धाकट्या,

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला शंभर टक्के पटली. बहीण राहते म्हटलं की घर विकायला जड जातं. तसं जडच जायला हवं, रे.

तुझा जीव माझ्यासाठी तुटतो, हेही खरं असेल. मी ते खोटं ठरवत बसणार नाही. मी पडेन ही तुझी भीती मला कळते. पण मला विचारलं तर मी नाही म्हणेन, या भीतीने तू मला विचारलंच नाहीस, आणि मग माझ्या जागी एक बाई उभी केलीस जिला विचारायची गरजच नसते. तुझ्या घरातल्या त्या पूर्वेच्या खोलीत मी राहिले, तर रोज सकाळी उठून मला बघावं लागेल की आज आपण बहीण आहोत की बाई. तेवढी ताकद माझ्यात नाही.

मी येणार नाही. दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, मालकीणबाई कधीच्या म्हणत होत्या. जिन्याला कठडा आहे, तुझी काळजी तेवढी कमी. जूनअखेर घर रिकामं मिळेल. मी भानगड नाही.

आईच्या बागेचं पंचांना विचारलं. ते आपल्या आधीपासून इथे आहेत. म्हणाले, “बाग? मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. तुमची आई झाडांना हात लावायची नाही, मातीने तिच्या हातांना खाज सुटायची.” आणि धाकट्या, हे मला माहीत होतं. मी थोरली. त्या दोऱ्यांखालून मी पळालेली आहे, ओल्या चादरी तोंडाला लागायच्या. दुकानात रोज बघते, भिंग बदललं की काही लोक फळ्यावर नसलेलं अक्षर वाचून दाखवतात. मला बरं वाटावं म्हणून, नाहीतर त्यांना स्वतःला दिसतंय असं वाटावं म्हणून. त्यांना मी कधी खोटारडे म्हणत नाही. नुसतं भिंग काढून घेते.

बागेने मन रमलं ते खोटं होतं का, असं तू विचारलंस. नव्हतं. म्हणूनच पुढचं करते आहे.

गेल्या आठवड्यात पाणी घातलं. तुझ्यासाठी नाही, शेंगा भरायच्या होत्या. काल आणि आज दुकानातून सुट्टी घेऊन सगळं काढलं. वाटाणा तोडला, कोवळासुद्धा. पालक, लेट्यूस, मागून पेरलेले मुळे. दोन टोपल्या पंचांकडे गेल्या, एक मालकीणबाईंना, एक पिशवी त्या भल्या बाईसाठी दारामागे ठेवली आहे. रविवारी येईल तेव्हा तिच्या हातात देईन आणि मी तुझी कोण हेही सांगेन, तेवढंच. वेल मुळासकट उपटले. पायवाटेच्या अर्ध्या विटा पंचांच्या होत्या, त्या परत केल्या. उरलेल्या रचून ठेवल्या. कौलांचा ढीग मी डाव्या कोपऱ्यात हलवला होता, तो परत मधे आणला. टायर जिथे होते तिथे, चारही. तण तेवढं माझ्याच्याने आणवत नाही, ते आपलं आपण येईल.

दाराचा निळा रंग खरवडायचा विचार आला होता, खोटं कशाला बोलू. पण मग तो राहू दिला. रंग छान आहे.

अस्पॅरॅगसची मुळं तिथेच आहेत. उपटली तर मरतात. वाट बघायला मी नसले तरी ती बाई आहे.

हा कोतेपणा आहे का? दोन दिवस विटा वाहताना हेच डोक्यात होतं. असेल थोडा. घर विकलं जाईलच, एका वाफ्याने सौदा मोडत नाही, आणि मला तो मोडायचाही नाही. फक्त तुला विकायला जे मिळालं होतं ते मी तुला जसंच्या तसं परत करते आहे. जाहिरातीतला फोटो आता चालणार नाही. मी तुला फेब्रुवारीत पाठवलेला पहिला फोटो तुझ्याकडे आहे, तो लाव.

तुझी सायकल भंगारात दिली नाही. ती मी एकटीने आणून ठेवली, भिंतीला टेकून, फोटोत आहे तशी. एकच वस्तू राहिली.

ताई

उद्या: बाथटब मूळ जागी ठेवायला पंचांना हाक मारणे.